अंदमानातल्या बेटावर राहायला जायचे का, हे कसे ठरवावे

आमच्या हिंगणघाट तालुक्यात कोणी वावर विकत घ्यायला निघाला, की जुनी माणसे त्याला सांगतात, वावर दोनदा पाहा, एकदा वैशाखात आणि एकदा भर पावसात. वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. पावसात पाणी कुठे साचते, बंडी कुठे रुतते आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून लोंढा आपल्या पिकात येतो का, ते कळते. दसऱ्याच्या सुमारास पऱ्हाटी हिरवीगार उभी असताना पाहिलेले वावर माणसाला भुलवते. माझ्या पुतण्याला अंदमानातल्या स्वराजद्वीपावर एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काम मिळाले आणि त्याने बायको-मुलीसह तिकडेच घर करायचे मनात आणले, तेव्हा मी हाच नियम बेटाला लावला. जून-जुलैचे मिळून पाच आठवडे मी त्या बेटावर भाड्याच्या खोलीत राहिलो. आपल्या भागातली तरुण मुले आता हॉटेल आणि पर्यटनाच्या कामासाठी लांब लांब जाऊ लागली आहेत, त्यांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे.

आधी जागेची ओळख. स्वराजद्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. त्याचे आणि शेजारच्या नील बेटाचे (आताचे शहीदद्वीप) नाव डिसेंबर २०१८ मध्ये बदलले. पोर्ट ब्लेअरचे नावही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, पण जुन्या कागदांवर आणि लोकांच्या तोंडी जुनी नावेच आहेत, त्यामुळे दोन्ही ठाऊक असावीत. श्री विजयपुरमपासून हे बेट ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि तिथे बहुतेकांना बोटीनेच जावे लागते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९५० च्या दशकात इथे वसवले गेले, म्हणून गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी आहेत. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतली बंगाली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना इथली पोखरी, सुपारीच्या बागा आणि अंगणातली तुळस पाहून फारसे परके वाटणार नाही. मला तरी वाटले नाही, आणि समुद्राविषयी मनात असलेली भीती त्या ओळखीनेच थोडी कमी झाली.

पर्यटकांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो आणि आपण पाहतो ती सगळी छायाचित्रे त्याच दिवसांतली असतात. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे वर्ध्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि तोही दोन मोसमी वाऱ्यांचा: मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, त्यानंतर डिसेंबरपर्यंत ईशान्येचा. म्हणून पहिली भेट पावसाळ्यातच द्यावी, निदान महिनाभर राहावे, आणि रिसॉर्टमध्ये न राहता गावात, जिथे काम करणारी माणसे राहतात तिथे, खोली घ्यावी. कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, पिठाला ओल लागते, विळ्या-सुऱ्यांवर खाऱ्या हवेने आठवड्याभरात गंज चढतो. तिथे चंद्रपूरसारखे ४७ अंशांचे ऊन कधीच नसते, पण हवा इतकी दमट की आपल्या कोरड्या उन्हात वाढलेले शरीर २९ अंशांतही दिवसभर घामाने निथळते. ते आपल्याला सोसते का, हे कोणाला विचारून कळत नाही. दुसरी भेट फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान द्यावी, कारण एवढा पाऊस पडूनही लहान बेटावर पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात विहिरी खाली जातात. घरमालकाला भाडे विचारण्याआधी, मार्चमध्ये पाणी कुठून आणता, हे विचारावे.

संध्याकाळचाही विचार करावा. घड्याळ आपल्यासारखेच असले तरी बेट वर्ध्याच्या पूर्वेला चौदा अंशांहून अधिक दूर असल्यामुळे सूर्य जवळजवळ एक तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो. कामाहून परतल्यावर पारावर बसायची सवय असलेल्या माणसाला ती लांब रात्र जड जाते, आणि पुतण्याच्या बायकोची पहिली तक्रार हीच होती.

आता जमिनीचा विषय, आणि इथे मी हात जोडून सांगतो की घाई करू नये. अंदमान-निकोबारला जमिनीचा स्वतंत्र कायदा आहे, १९६६ चा. त्याखाली जमीन मुळात सरकारची असते आणि ती कसणाऱ्याकडे भोगवट्याने असते. आपल्याकडे भोगवटादार वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, किंवा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या वाचकांना सांगायला नको. तसाच विचार तिथे करावा. किनाऱ्याजवळचा तुकडा स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, असे कोणी म्हणाले, तर आधी तिथल्या तहसील कार्यालयात जाऊन जमिनीची नोंद पाहावी आणि बाहेरच्या माणसाच्या नावावर ती होऊ शकते का, ते लेखी विचारावे. भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामावर निर्बंध आहेत, ते वेगळेच. माझे स्पष्ट मत असे, की पहिली तीन वर्षे बेटावर एक रुपयाही जमिनीत किंवा बांधकामात घालू नये, भाड्याने राहावे. इकडचे वावर विकून तिकडे होमस्टे काढायचा बेत जो करतो, त्याने परतीची वाट आपल्याच हाताने बंद केली, असे समजावे.

लक्षद्वीपचे नाव घेऊनही काही जण विचारतात. तिथे वस्ती असलेली बेटे दहाच आहेत, बाहेरच्या भारतीयाला प्रवेशासाठीसुद्धा परवाना लागतो आणि तिथली जमीन तिथल्या लोकांसाठीच राखलेली आहे, त्यामुळे स्थायिक होण्याचा प्रश्न बहुतेकांसाठी तिथेच मिटतो. अंदमानात श्री विजयपुरम, स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप इथे जायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र निकोबार आणि जारवांसारख्या आदिवासींचे राखीव प्रदेश १९५६ च्या विनियमाने संरक्षित आहेत आणि तिथे परवानगीशिवाय पाऊल ठेवणे गुन्हा आहे. कुतूहलापोटीही तिकडे जाऊ नये. मेळघाटात किंवा भामरागडात बाहेरची माणसे कॅमेरे घेऊन पाड्यात शिरतात तेव्हा आपल्याला जे वाटते, ते इथे आठवावे.

कमाईचा हिशेब बारा महिन्यांचा मांडावा. मालकाला विचारायचे प्रश्न साधे आहेत, पण संकोचाने कोणी विचारत नाही: पगार बारा महिने मिळेल की हंगामापुरता? राहणे आणि जेवण त्यात धरले आहे का, आणि कुटुंब आणले तर? वर्षातून एकदा घरी जायचे भाडे कोण देणार? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? ही उत्तरे लेखी घ्यावीत. पुतण्याला पहिल्या मालकाने तोंडी सांगितले होते की पावसाळ्यात अर्धा पगार मिळेल. प्रत्यक्षात जुलैपासून काहीच मिळाले नाही, आणि हातात कागद नसल्यामुळे बोलायलाही जागा उरली नाही. दुसरीकडे काम धरताना त्याने सगळे लिहून घेतले.

खर्चाची बाजूही तिथे वेगळी आहे. नारळ, सुपारी, मासळी, थोडा भाजीपाला आणि भात बेटांवर होतो. गहू, तूरडाळ, तेल, सिमेंट, औषधे असे बाकीचे बहुतेक सगळे जहाजाने मुख्य भूमीवरून येते, आणि समुद्र खवळला की दुकानातल्या फळ्या रिकाम्या होतात. ज्वारी तिथल्या जेवणात नाही. ज्याला रोज भाकर लागते त्याने इथून पीठ नेले तरी ते त्या ओलीत टिकत नाही, अख्खी ज्वारी न्यावी आणि थोडी थोडी दळावी. वीज मुख्यत्वे डिझेलच्या जनित्रांवर चालते. इंटरनेटची स्थिती मात्र सुधारली आहे: १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली आणि तिने स्वराजद्वीपही जोडले गेले. तरी संगणकावर घरून काम करणाऱ्याने आपल्याला मिळणाऱ्या खोलीतच आठवडाभर बसून वेग तपासावा.

सगळ्यात अवघड प्रश्न अंतराचा आहे आणि तो घरच्या वडीलधाऱ्यांसमोर उघडपणे बोलावा. गावातून नागपूर, वर्धा किंवा बल्लारशाह, तिथून रेल्वेने चेन्नई, चेन्नईहून सुमारे दोन तासांचे विमान, मग बोट. सगळे जुळले तरी दोन दिवस जातात. विमानाऐवजी जहाज घेतले तर चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून समुद्रातच तीन दिवसांच्या आसपास लागतात, आणि जहाजे महिन्यातून मोजकीच सुटतात. वादळात बोटी बंद होतात. डिसेंबर २०१६ मध्ये चौदाशेच्या आसपास पर्यटक याच बेटावर अडकले होते आणि त्यांना नौदल आणि तटरक्षक दलाने बाहेर काढले. याचा सरळ अर्थ असा, की घरी वाईट बातमी आली तर आपण मातीला पोहोचणार नाही, तेरवीला पोहोचू. हे वाक्य मी माझ्या भावासमोर, म्हणजे मुलाच्या बापासमोर, तसेच्या तसे उच्चारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "जाऊ दे त्याला, पण दर पोळ्याला आला पाहिजे." अशी काही अट आधीच ठरणे फार चांगले. पोळा पावसाळ्यात, म्हणजे मंदीच्या दिवसांत येतो, त्यामुळे रजाही मिळते.

आजारपणाचे गणितही यातच येते. बेटावर प्राथमिक उपचार होतात. गंभीर रुग्णाला श्री विजयपुरमच्या जी. बी. पंत रुग्णालयात न्यावे लागते, आणि मधे समुद्र आहे. घरात डायलिसिसवरचे माणूस असेल, हृदयविकार असेल किंवा बाळंतपण जोखमीचे असेल, तर त्या माणसाला बेटावर नेऊ नये.

मुलांच्या शाळेविषयी थोडक्यात: शाळा केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या आहेत, मराठी माध्यम नाही, आणि वर्गात हिंदी-बंगाली बोलणारी मुले असतात. पहिली-दुसरीतले मूल सहा महिन्यांत मिसळते. आठवी-नववीतल्या मुलाला मध्येच उचलून नेणे मला पटत नाही.

समुद्राशी आपली ओळख नाही, हे मान्य करून जावे. मालगुजारी तलावात किंवा वैनगंगेत पोहणारा माणूस समुद्रात पोहणारा नव्हे. दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते आणि पावसाळ्यात राधानगरच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडून येणारी लाट चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेते. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ पोहणारी एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात मरण पावली. म्हणून खारफुटीच्या खाडीत आणि सूचनाफलक असेल तिथे पाण्यात उतरूच नये. हा सगळा प्रदेश भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या क्षेत्रात येतो. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत सर्वांत मोठी हानी निकोबारची झाली, पण शिकायचे ते सर्वांनाच आहे: जमीन जोराने आणि बराच वेळ हलली, किंवा समुद्र एकाएकी आत ओढला गेला, तर भोंग्याची वाट न पाहता चढावर निघावे. खोली घेताना तिथून उंच जागी पायी जायला किती मिनिटे लागतात, ते एकदा चालून पाहावे. आम्हाला मिळालेल्या खोलीपासून ती बारा मिनिटे होती, लहान मुलगी कडेवर असताना सतरा. आम्ही खोली बदलली.

शेजाऱ्यांची चौकशीही वावराच्या धुऱ्यावर करतो तशीच करावी, म्हणजे विकणाऱ्याकडे न करता शेजाऱ्याकडे करावी. किनाऱ्यावरच्या दुकानदारापेक्षा दहा वर्षांपूर्वी बाहेरून येऊन राहिलेला गवंडी, परिचारिका किंवा शिक्षक खरे सांगतो, आणि कोण परत गेले आणि का, हेही त्यालाच माहीत असते. चार शब्द बंगाली शिकून जावे. हिंदीने काम भागते, पण चुलीपर्यंत बंगालीच नेते. आपण जिथे जातो ते कोणाचे तरी गाव आहे. त्यांनी जंगल तोडून, पहिली भातखाचरे करून ते वसवले आहे आणि आता पाणी, जागा आणि बोटीतली बसायची जागा ते बाहेरच्यांबरोबर वाटून घेत आहेत. स्थानिकांना बोटीच्या भाड्यात सवलत असते. त्याबद्दल तक्रार करणारी बाहेरची माणसे मी पाहिली आणि मला ते रुचले नाही.

दोन्ही भेटी झाल्या, हिशेब मांडला, घरच्यांशी बोलणे झाले, की निर्णय फाल्गुन संपायच्या आत घ्यावा, कारण पाडव्याला सालगडी ठरतात आणि वावराचे मक्तेही त्याच सुमारास होतात. जायचे ठरले तर वावर एकाच वर्षासाठी मक्त्याने द्यावे, करार लेखी असावा, सातबाऱ्यावर आपले नाव आणि पीककर्जाचे खाते चालू राहील याची व्यवस्था भावाकडे किंवा विश्वासू माणसाकडे सोपवावी, आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा त्याच प्रश्नांवर बसावे. पुतण्याचे आता तिसरे वर्ष आहे. बायको आणि मुलगी दुसऱ्या वर्षी तिकडे गेल्या, आणि त्याचे साडेतीन एकर वावर यंदाही एकाच वर्षाच्या मक्त्यावर आहे.