घड्याळ आणि दुर्बीण वापरून गुरूवरील वाऱ्याचा वेग कसा मोजावा

परग्रहावरचे वारे मोजायला अंतराळयानच हवे, असा सर्वसाधारण समज आहे. गुरूच्या बाबतीत तो खरा नाही. या ग्रहाच्या विषुववृत्ताजवळचा भाग उरलेल्या भागापेक्षा लवकर फेरी पूर्ण करतो, हे खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी कॅसिनी यांनी १६९० च्या सुमारास डागांच्या वेळा टिपूनच ओळखले होते. आजही छोटी दुर्बीण, घड्याळ आणि वही एवढ्या साधनांनी कोणालाही तो वेग स्वतः काढता येतो आणि तो एकदा तरी काढावाच, असे मला मनापासून वाटते.

आपल्याला गुरूचा दिसतो तो पृष्ठभाग नव्हे, तर ढगांचा वरचा थर. त्यावरचे गडद आणि फिकट पट्टे म्हणजे आलटूनपालटून पूर्वेकडे व पश्चिमेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांमधले प्रदेश. विषुववृत्तीय पट्ट्याची फेरी सुमारे ९ तास ५० मिनिटे ३० सेकंदांत पुरी होते, तर मध्य अक्षांशांवरच्या ढगांना सुमारे ९ तास ५५ मिनिटे ४१ सेकंद लागतात. या पाच मिनिटांच्या फरकातच वारा दडलेला आहे.

६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून दोन ठळक पट्टे दिसतात. पण या कामासाठी १०० मिलिमीटरची भिंगाची किंवा १५० मिलिमीटरची आरशाची दुर्बीण असावी. विवर्धन १५० ते २०० पट पुरते, त्यापुढे बहुधा फक्त अस्पष्टपणा मोठा होतो. आरशाची दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. गुरू क्षितिजापासून निदान ३५-४० अंश वर आल्याशिवाय निरीक्षण सुरू करू नये. प्रतियुती, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असण्याची स्थिती, साधारण दर तेरा महिन्यांनी येते. तिच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन महिने सर्वांत सोयीचे. बिंब उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे थरथरत असेल, तर त्या रात्रीच्या नोंदींवर विसंबू नये.

मोजणीसाठी दोन खुणा लागतात. पहिली म्हणजे महाकाय लाल डाग. दक्षिण गोलार्धात सुमारे २२ अंशांवर असलेला हा प्रचंड प्रत्यावर्त, म्हणजे उच्च दाबाभोवती फिरणारे वादळ आहे. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानांनी पाहिला तेव्हा त्याची लांबी सुमारे २३,००० किलोमीटर होती. त्यानंतर तो बराच आक्रसला आहे, त्यामुळे जुन्या वर्णनांवरून तो शोधू गेल्यास निराशा होते. अशा वेळी दक्षिण विषुववृत्तीय पट्ट्याच्या (दोन ठळक पट्ट्यांपैकी दक्षिणेकडच्या) दक्षिण कडेला पडलेली खोलगट खाच शोधावी. डाग त्या खाचेतच बसलेला असतो. फिकट निळा फिल्टर लावल्यास तो अधिक गडद दिसतो. दुसरी खूण उत्तर विषुववृत्तीय पट्ट्याच्या दक्षिण कडेची. तेथून निळसर करडे तंतू विषुववृत्ताकडे झुकलेले दिसतात. त्यांपैकी ठळक असा एक निवडून त्याचा आकार वहीत काढून ठेवावा.

आता वेळ टिपायची. दुर्बिणीला ग्रहाबरोबर फिरवत ठेवणारी मोटर बंद केल्यावर ग्रह ज्या दिशेला सरकतो, त्याच दिशेला बिंबावरच्या खुणाही सरकतात. ध्रुवांना जोडणारी मध्यरेषा मनात आखून प्रत्येक खुणेच्या तीन वेळा लिहाव्यात: ती मध्यापर्यंत अजून आलेली नाही असे शेवटचे वाटले ती, नेमकी मध्यावर वाटली ती आणि मध्य ओलांडल्याची खात्री पटली ती. तिन्हींची सरासरी काढल्यास थोड्या सरावानंतर एक-दोन मिनिटांपर्यंतचा नेमकेपणा साधतो.

समजा, दोन्ही खुणा एका रात्री नऊ वाजता मध्यावर होत्या. दोन दिवसांत गुरूच्या पाच फेऱ्या होतात, त्यामुळे लाल डाग तिसऱ्या रात्री सुमारे १० वाजून ३८ मिनिटांनी मध्यावर येईल, तंतू मात्र १० वाजून १२ मिनिटांनीच. फरक २६ मिनिटांचा. गुरू एक अंश सुमारे १.६५ मिनिटांत फिरतो, म्हणजे तंतू जवळजवळ १५.७ अंश पुढे गेला. विषुववृत्तावर एक अंश सुमारे १,२५० किलोमीटरचा असल्याने हे अंतर १९,६०० किलोमीटरच्या आसपास भरते, त्याला ४९.५ तासांनी भागले की वेग येतो ताशी सुमारे ४०० किलोमीटर. लाल डाग स्वतःही संथपणे सरकत असतो, म्हणून हा वेग त्याच्या तुलनेतला समजावा.

येथे एक धोका आहे. हे तंतू बहुधा ३०-३५ अंशांच्या अंतराने रांगेत असतात, त्यामुळे शेजारचा तंतू पाऊण ते एक तासाने मध्यावर येतो आणि लाल डागाच्या मागून येणारा हा शेजारी आपलाच समजला गेला, तर वारा उलट दिशेचा निघतो. त्यासाठीच आकाराचे चित्र हवे. रात्र मोठी असेल, तर त्याच रात्री दहा तासांनी पुन्हा पाहणे सर्वांत चांगले, कारण तेव्हा फरक जेमतेम पाच मिनिटांचा असतो आणि ओळख चुकत नाही. ओळख पक्की झाल्यावर हाच तंतू दहा-पंधरा दिवस पाहत गेल्यास सरकण साठत जाते आणि वेळ टिपण्यातल्या चुकीचा वाटा कमी होतो.

मंगळावर पद्धत वेगळी. तेथे धुळीचे वादळ ओळखायचे असते: लाल फिल्टरमधून उजळ दिसणारा आणि परिचित गडद प्रदेशाची कड झाकणारा डाग धुळीचा, निळ्यातून उजळ पण लालमधून अंधुक दिसणारा डाग बर्फकणांच्या ढगाचा. तोच भाग पुढच्या रात्री सुमारे ३७ मिनिटे उशिरा समोर येतो, तेव्हा पसरण तपासावी. २०१८ सालासारखे वादळ असले, तर काही आठवड्यांत सगळे बिंबच सपाट दिसू लागते. शनीवर मोठी वादळे विरळाच, १९९० आणि २०१० मध्ये ती झाली. विषुववृत्तावर पांढरा डाग दिसलाच, तर मध्यावर येण्याची वेळ टिपून तीन दिवसांनी सुमारे २२ मिनिटे आधी पुन्हा पाहावे.