कोकणातून साताऱ्यात आलेल्यांसाठी: घरच्या घरी, कमी खर्चात पायांची निगा

कोकणातून नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन साताऱ्यात आलेल्यांना भाड्याचे घर, गॅस आणि नळाच्या पाण्याच्या वेळा यांविषयी शेजारीपाजारी सर्व काही सांगतात. टाचांविषयी मात्र कोणी बोलत नाही. दिवाळी उलटून थंडी पडू लागली, की एके दिवशी टाच चादरीला अडकते आणि मग भेगा लक्षात येतात. मी स्वतः रत्नागिरीहून येऊन येथे स्थायिक झाले आहे. नव्याने आलेल्या मुली आणि सुना दर हिवाळ्यात याविषयी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

समुद्राकाठच्या दमट हवेत त्वचेचा ओलावा आपोआप टिकतो, परंतु सह्याद्रीच्या पूर्वेकडील या भागात हिवाळ्याची हवा थंड आणि कोरडी असते. तळपायाच्या त्वचेत तैलग्रंथी नसतात. त्यातच टाचेची कातडी मुळात जाड असल्याने ती कोरडी पडली की कडक होते आणि शरीराचा भार आला की कडेने फाटते. पाय कितीही घासले तरी हे थांबत नाही. त्यामुळे येथे पेडिक्युअर करताना घासण्याकडे कमी आणि ओलावा राखण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

पार्लरमध्ये एका वेळी जेवढे पैसे मोजावे लागतात, साधारण तेवढ्यातच घरचे सारे साहित्य येते आणि ते पुढे अनेक महिने पुरते. वज्री, नेलकटर, नखांसाठी मऊ ब्रश, पेट्रोलियम जेली आणि सैल सुती मोजे एवढे पुरेसे आहे. वज्री मोती चौकाच्या आसपासच्या कटलरीच्या दुकानांत किंवा आठवडी बाजारात मिळते. घेताना तिच्यावरून बोट फिरवून पाहावे आणि कडा टोचत असतील तर ती घेऊ नये. टाच तासण्यासाठी ब्लेडचे जे हत्यार मिळते, ते घरात आणूच नये, कारण त्याने जखम होते आणि कातडी पुन्हा अधिक जाड येते.

पंधरा दिवसांतून एकदा, शक्यतो रात्री, पसरट टबात तान्ह्या बाळाच्या आंघोळीला चालेल इतपत कोमट पाणी घ्यावे आणि त्यात सौम्य शाम्पूचे काही थेंब टाकावेत. त्याआधी नेलपेंट पुसून जोडवी काढून ठेवावीत. जोडव्याखाली साबण आणि मळ यांची काळसर रेघ साचलेली असते आणि तिथली कातडी सतत ओली राहून पांढरी पडते; पावसाळ्यात चिखल्या होण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच जागी होते. पाय दहा मिनिटे बुडवून ठेवणे पुरेसे आहे. अर्धा-पाऊण तास पाण्यात बसल्याने उरलासुरला ओलावाही निघून जातो. लिंबू आणि खाण्याचा सोडा यांची शिफारस सर्रास केली जाते, परंतु लिंबाने भेगा झोंबतात आणि सोड्याने कोरडी त्वचा अधिकच रुक्ष होते, तेव्हा दोन्ही टाळावीत.

पाय बाहेर काढल्यावर वज्री एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवावी आणि टाच गुळगुळीत होण्याची वाट न पाहता थोडे आधीच थांबावे. भेगेतून रक्त येत असेल, तर तिथे वज्री लावू नये. नखे सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोलवर गोल केले तर नख मांसात रुतते आणि चालणे अवघड होते. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी जंतूंना अटकाव करते, म्हणून ती कापू नये. यवतेश्वर घाटात पळण्याचा सराव करणाऱ्यांनी बोटांची नखे आखूडच ठेवावीत, कारण उतारावर नख बुटाच्या पुढच्या भागावर आपटून त्याखाली रक्त साकळते आणि ते काळे पडते. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढत असल्याने तो डाग जायला वर्षभर लागू शकते.

बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, म्हणून शेवटी पाय भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या कराव्यात. त्यानंतर कातडी किंचित ओलसर असतानाच टाचांना जेली चोळून मोजे घालावेत. कोकणातल्यांना येथे एक गोष्ट निश्चित उपयोगी पडेल: गावाहून येताना कोकमाच्या बियांच्या तेलाची, म्हणजे मुठेलाची, एखादी वडी आणावी. ते घट्ट असले तरी तळहातांमध्ये घासले की अंगाच्या उबेने वितळते, आणि भेगांमध्ये भरले की रात्रभर टिकते. आपल्याकडे आजी-आज्या हेच वापरत आल्या आहेत. बोटांच्या बेचक्यांत मात्र कोणतेही तेल किंवा जेली लावू नये. ही चोळणी हिवाळाभर रोज रात्री करावी. घासणे एखाद्या वेळी राहिले तरी चालेल.

दोन-तीन आठवड्यांत भेगा भरल्या नाहीत, तर औषधाच्या दुकानातून युरिया असलेले मलम आणावे आणि त्यानेही उतार पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण बुरशी किंवा सोरायसिसही भेगांसारखेच दिसू शकतात. हिवाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे तुमच्याकडे राहायला येणार असतील आणि त्यांना मधुमेह असेल, तर वर सांगितलेले भिजवणे आणि वज्री त्यांच्यासाठी नाही. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास पाणी भाजते आहे हे त्यांना कळत नाही आणि बारीकशी जखमही चिघळते. त्यांचे पाय रोज उजेडात, तळव्यांसह, तुम्ही स्वतः पाहावेत, मलम हळुवार लावावे, आणि नखे जाड झाली असतील तर ती डॉक्टरांना विचारूनच कापावीत.