सांत रेषीय क्रमाचे तुकडे कसे पाडावेत

सांत रेषीय क्रमातील (म्हणजे एका ओळीत मांडलेल्या मर्यादित घटकांच्या क्रमातील) घटकांची संख्या सम आहे, हे प्रथमक्रम तर्कशास्त्राच्या, म्हणजे ज्यात ‘प्रत्येक’ आणि ‘काही’ हे फक्त घटकांबद्दलच म्हणता येते अशा भाषेच्या, एकाही वाक्यात सांगता येत नाही. ते सिद्ध करण्यासाठी मोठा क्रम लहान तुकड्यांत पाडण्याची रीत वापरावी.

एक क्रम ७ घटकांचा आणि दुसरा ८ घटकांचा घेऊन त्यांवर ३ फेऱ्यांचा एरेनफॉइख्ट-फ्रैसे खेळ मांडावा. प्रत्येक फेरीत हल्लेखोर कोणत्याही एका क्रमातील घटक निवडतो आणि बचावकर्ता उरलेल्या क्रमातून उत्तर देतो; निवडलेल्या घटकांची मांडणी अखेरीस दोन्हीकडे सारखीच असेल, तर बचावकर्ता जिंकतो. क फेऱ्यांत तो हमखास जिंकत असेल, तर ज्यात क्वांटिफायर (‘प्रत्येक’, ‘काही’ असे शब्द) एकात एक जास्तीत जास्त क थर गुंफलेले आहेत, अशा कोणत्याही वाक्याला ते दोन क्रम वेगळे ओळखता येत नाहीत.

हल्लेखोराने ७ मधला चौथा घटक निवडला, तर त्याच्या डावीकडे ३ आणि उजवीकडे ३ घटक राहतात. बचावकर्ता म्हणून आपण ८ मधलाही चौथाच घ्यावा, म्हणजे डावीकडे ३ आणि उजवीकडे ४ उरतात. आता डाव्या बाजूच्या चालीला डावीकडे आणि उजव्या बाजूच्या चालीला उजवीकडेच उत्तर द्यायचे. डावीकडचा प्रत्येक घटक उजवीकडच्या प्रत्येकाच्या आधीच येत असल्याने दोन बाजूंमधले संबंध आपोआप जुळतात, आणि ३ विरुद्ध ४ हा प्रश्न केवळ २ फेऱ्यांचा उरतो.

साधारण नियम असा: दोन्ही क्रमांत २ च्या क-व्या घातापेक्षा एकाने कमी किंवा त्याहून अधिक घटक असले, की क फेऱ्यांत बचावकर्ता हरत नाही. हल्लेखोराने टोकाजवळचा घटक निवडून एक बाजू फारच आखूड केली, तर तेवढ्याच लांबीची बाजू नेमकी राखावी. दुसरी बाजू दोन्हीकडे पुरेशी लांब राहतेच. (नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते, कारण ते नेहमी मध्यच शोधत बसतात.) ही मर्यादा काटेकोर आहे: ६ आणि ७ घटकांचे क्रम ३ फेऱ्यांत वेगळे ओळखू येतात.

हीच युक्ती आलेखांवर (शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या रचनांवर) जशीच्या तशी लावू नये, कारण शिरोबिंदूंच्या संचाचे मनमानी दोन भाग केले, तर त्यांच्यामध्ये कडा कशाही पसरलेल्या असू शकतात. तिथे तुकडे सामायिक शिरोबिंदूंच्या लहान संचापाशीच जोडलेले असावे लागतात, आणि त्या बिंदूंची नोंद खेळभर ठेवावी लागते.

आता समतेकडे, म्हणजे घटकांची संख्या सम असण्याकडे, वळावे. प्रत्येक क साठी २ चा क-वा घात ही सम संख्या आणि तिच्या आधीची विषम संख्या घेतली, की त्या लांबीचे दोन क्रम क थरांच्या सर्व वाक्यांना सारखेच दिसतात. म्हणून समता व्यक्त करणारे प्रथमक्रम वाक्य असूच शकत नाही.