जुनी गाडी अचानक सुरू होईना? आधी सेल्फचा आवाज ऐका

रात्री नीट लावलेली गाडी सकाळी किल्ली फिरवली तरी ढिम्म. शेजारी जमतात आणि पहिला सल्ला येतो, 'बॅटरी गेली, बदलून टाका.' चार-पाच हजार घालून नवी बॅटरी बसवायची आणि मग कळायचं, की दोष दहा नंबरच्या पान्ह्याने सुटणाऱ्या टर्मिनलचा होता. म्हणून खिशात हात घालण्याआधी गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि एकदाच सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, मारा. नुसतं 'टक' होतं, इंजिन रडत-कुंथत फिरतं, की झपाझप फिरूनही पकडत नाही? पुढची दिशा या आवाजावरच ठरते.

नुसतं 'टक' झालं किंवा इंजिन कुंथत फिरलं आणि त्याच वेळी हेडलाइट विझल्यासारखे झाले, तर करंट कमी पडतोय. बॉनेट उघडून बॅटरीची टर्मिनलं हाताने पिळून बघा. एक जरी हललं तरी तिथेच थांबा, आधी ते घट्ट करा. वर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर आधी काळी म्हणजे मायनसची वायर काढा, मग लाल. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून धुवा, पोस्ट (बॅटरीचा खुंट) आणि त्यावर बसणाऱ्या क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. लावताना आधी लाल, मग काळी. ग्रीस किंवा व्हॅसलीन घट्ट बसवल्यानंतर वरून लावायचं, आधी नाही.

टर्मिनल ठीक असेल तर मल्टिमीटर घ्या. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि जुनी गाडी बाळगणाऱ्याकडे तो हवाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. १०.५ च्या आसपास दिसलं तर बहुधा एक सेल मेलाय, अशी बॅटरी चार्जिंगने उठत नाही. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरचे काटे बॅटरीवरच ठेवा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली कोसळली तर बॅटरी तरी संपली आहे, नाही तर सेल्फ जास्त करंट ओढतोय.

इथलं, सोलापूरचं, ऊन बॅटरीचं मोठं वैरी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला, की पाणी उडतं आणि आतल्या प्लेटा खराब होतात. पण दोष लगेच दिसत नाही. उन्हाळ्यात अर्धमेली झालेली बॅटरी थंडीतल्या सकाळी, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, दगा देते. टोपणांची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी घालणं म्हणजे क्षार ओतून बॅटरी स्वतःच्या हाताने मारणं.

बॅटरी भरलेली, टर्मिनल घट्ट, तरीही नुसतं 'टक' किंवा इंजिन जड फिरतंय? मग अर्थची, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी, वायर बघा. जुन्या गाड्यांत हा दोष फार निघतो आणि फार कमी जण तो शोधतात. मीटरचा एक काटा बॅटरीच्या मायनस पोस्टवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची पट्टी गंजली किंवा बोल्ट ढिला. तसंच प्लस पोस्ट आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यामध्ये मोजा. दोन्ही ठीक निघाले तर दोष सेल्फमध्ये, म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा झिजलेले कार्बन ब्रश. स्पॅनरच्या दांड्याने सेल्फच्या बॉडीवर हलकेच ठोकल्यावर गाडी चालू झाली, तर कार्बन संपत आलेत. गॅरेजपर्यंत जाण्यापुरती ही युक्ती, रोजची नाही.

इंजिन झपाझप फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरी-सेल्फचा नाद सोडा. पेट्रोल नाही, नाही तर प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, नाही. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतो, म्हणून आधी दोन लिटर पेट्रोल टाकून बघा. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोल कायम तळाला असतं, त्यात टाकीतला पंप तापून जळतो. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घुर्र ऐकू यायला हवं. नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे पंपाला करंट जोडणारा छोटा स्विच. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा.

करंट तपासायला एक स्पार्क प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. काढलेला प्लग वायरला लावून त्याची चुडी इंजिनच्या धातूवर टेकवा, इन्सुलेटेड पक्कडीने धरा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, टकटकीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी चालणार नाही. हे करताना जवळ पेट्रोलचं भांडं किंवा ओलं फडकं नको. वायर मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, कॉइल जळते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना करंट वाटणारा भाग) झाकण उघडून आतली ओल पुसा.

प्लग ओले झाले असतील तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती.

कार्बोरेटरची मारुती ८०० असेल तर उन्हाळ्यात आणखी एक गंमत. तुळजापूरहून भर दुपारी आलात, चहाला पंधरा मिनिटं थांबलात आणि गाडी चालूच होईना. इंजिनवरच्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडा, टॉवेल ओला करून पंपावर आणि पाइपवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. सोलापुरी टॉवेल यासाठी झकास, पाणी धरून ठेवतो. फक्त ते पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडू देऊ नका.

एक आवाज मात्र वेगळा. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भुर्रकन फिरतंय, जोर लागल्यासारखं वाटतच नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा, तुटला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा सेल्फ मारणं लगेच बंद करा, धक्का देऊन चालू करायला जाऊ नका. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकतात. गाडी टो करून थेट गॅरेजला न्या आणि फिटरला हेड उघडण्याआधी बेल्टचं कव्हर काढायला सांगा.