मेटॅलॅक्सिलची चाचणी लावण्याआधी

ढोबळी मिरचीच्या मरीवर, म्हणजे फायटोप्थोरा कॅप्सिसी या जंतूने होणाऱ्या रोगावर, मेटॅलॅक्सिल हे औषध चालेनासं झालं, असा निरोप आला की नमुने आणायला निघण्याआधी शेतकऱ्याकडून गेल्या दोन हंगामांचा फवारणीचा आणि आळवणीचा हिशेब लिहून घ्या. त्यात नुसतं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक निघालं, तर तो जंतूचा प्रतिकार नव्हे. फायटोप्थोरा कॅप्सिसी ही खरी बुरशी नाही, तिच्यावर ते मुळातच चालत नाही.

शेतात पूर्ण वाळलेलं झाड नको. नुकतीच मान टाकलेलं उपटा आणि बुडाशी जिथे काळं संपून हिरवं सुरू होतं तिथला तुकडा घ्या. एका झाडावर भागवू नका, चारही कोपऱ्यांतून आणा. नमुने फ्रिजमध्ये ठेवू नका, या जंतूला थंडी सोसत नाही. तुकड्यातला जंतू वाढवायला निवडक माध्यम, म्हणजे इतर बुरश्या आणि जिवाणूंना रोखणारी पिमॅरिसिन, ॲम्पिसिलिन, रिफॅम्पिसिन आणि पीसीएनबी घातलेलं माध्यम, आदल्या दिवशीच ओतून ठेवा, नाहीतर फ्युजेरियम ही दुसरी बुरशी आधी पसरते.

सगळ्यात जपायचं ते औषधाच्या बाबतीत. दुकानातली पुडी वापरू नका. तिच्यात बहुधा ८ टक्के मेटॅलॅक्सिल आणि ६४ टक्के मँकोझेब हे दुसरं बुरशीनाशक असतं. वाढ मँकोझेबने रोखली तरी नोंद मेटॅलॅक्सिलच्या नावे होते, आणि प्रतिकारक आयसोलेट (नमुन्यातून वेगळा करून वाढवलेला जंतू) संवेदनशील ठरतो. त्या एका चुकीवर शेतकऱ्याचा पुढचा सगळा खर्च वाया जाऊ शकतो. म्हणून शुद्ध, तांत्रिक प्रतीचं मेटॅलॅक्सिल मिळवा, डीएमएसओ या द्रावकात विरघळवा आणि माध्यम ५० अंशांच्या आसपास निवल्यावर १०० पीपीएम (दहा लाख भागांत १००) होईल असं मिसळा. बिनऔषधाच्या प्लेटमध्येही तेवढंच डीएमएसओ हवं. सोबत संवेदनशील म्हणून माहीत असलेला एक आयसोलेट लावाच.

प्रत्येक प्लेटवर आयसोलेटच्या वाढत्या कडेची ७ मिमीची चकती, २५ अंश, अंधार. तीनेक दिवसांनी उभा-आडवा व्यास मोजून चकतीचा वजा करा. औषधाच्या प्लेटमधली वाढ बिनऔषधाच्या वाढीच्या ३० टक्क्यांखाली असेल तर संवेदनशील, ९० च्या वर असेल तर प्रतिकारक. मधल्यांना मात्र ‘ठीक आहेत’ म्हणून सोडू नका. त्यांच्यात प्रतिकाराच्या जनुकाची बहुधा एकच प्रत असते. शेतात ए१ आणि ए२ दोन्ही मेटिंग टाइप (संकरासाठी लागणारे जंतूचे दोन प्रकार) असले, तर अशा दोघांच्या संकरातून चौथा हिस्सा संतती पूर्ण प्रतिकारक निघू शकते. अमेरिकेतल्या मिशिगनच्या शेतांत औषध बंद केल्यावरही प्रतिकार टिकून राहिलेला आढळला आहे. तेव्हा ‘एक हंगाम थांबा, मग पुन्हा मारा’ असं सांगू नका.

शेतातून निघताना बुटांची माती तिथेच धुवा, आणि मोजून झालेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकू नका. या जंतूचे ऊस्पोर, म्हणजे संकरातून होणारे जाड कवचाचे बीजाणू, मातीत वर्षानुवर्षं जगतात.