ग्राफाइटपासून ग्राफीन काढताय? या चुका टाळा

लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात काळ्या पाण्याची बाटली नाचवत येतो: "सर, ग्राफीन झालं!" अरे बाबा, पाणी काळं कोळशानेही होतं. ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ, सुटा पदर. सोनिकेटरमधून (ध्वनिलहरींनी पदर सोलणारं यंत्र) निघालेल्या त्या काढ्यात बहुतेक माल न सुटलेलं ग्राफाइटच असतं. २००८ साली डब्लिनच्या गटाने एनएमपी या द्रावकात ग्राफाइट सोलून दाखवलं, तेव्हा एकपदरी पापुद्र्यांचा उतारा होता जेमतेम १ टक्का. म्हणून सेंट्रिफ्यूज टाळायचा नाही; गरगर फिरवून तो न सुटलेलं ग्राफाइट तळाशी बसवतो. मी १५०० आरपीएमवर तासभर फिरवतो आणि वरचं द्रावण पिपेटने हळूच उचलतो. ओतलं की तळाचा गाळ उठलाच. मग रामन (लेझर टाकून पदर ओळखायची चाचणी), तेही एकाच ठिकाणी नाही, निदान वीस जागी. आलेखात २७०० सेमी⁻¹ जवळच्या पट्ट्याला खांदा दिसला तर समजा, अजून ग्राफाइटच मोजताय.

सुकवण्याचा धडा मात्र मला स्वतःला महागात पडला. तीन आठवडे खपून चार लिटर द्रावण जमवलं होतं. पूड हवी म्हणून रात्री ट्रे ओव्हनमध्ये ठेवला. एनएमपी उकळतं २०२ अंशांना, त्यामुळे तापमानही चढंच ठेवलं. सकाळी ट्रेमध्ये चकचकीत करडी पापडी! पुन्हा एनएमपीत टाकली, ढवळली, सोनिकेट केली. ढिम्म फरक नाही. सोललेले पदर परत एकमेकांना चिकटून बसले होते. तेव्हापासून मी माल ओलाच ठेवतो, शाईला किंवा कंपोझिटला तसाच वापरतो. पूड लागणारच असेल तर पाण्यात काम करून फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवणं.

जास्त वेळ सोनिकेट केलं म्हणजे जास्त ग्राफीन, हाही भ्रमच. पापुद्रे तुटून बारीक होतात आणि बाथचं पाणी तापतं ते वेगळंच. दर अर्ध्या तासाने पाणी बदला.

मोठ्या प्रमाणावर करायचं तर शिअर मिक्सर, म्हणजे वेगाने घुसळून पदर सोलणारं यंत्र. २०१४ मध्ये डब्लिनच्या त्याच गटाने किचन ब्लेंडर आणि भांड्यांच्या साबणानेही ग्राफीन निघतं हे दाखवलं, आणि तेव्हापासून पोरं घरचा मिक्सर पळवतात. पण राहिलेला साबण धुवायचं कोणी मनावर घेत नाही, मग विद्युतवहन का कमी येतं म्हणून माझ्याकडे येतात.

हमर्स पद्धतीने, म्हणजे ग्राफाइट परमँगनेट आणि सल्फ्युरिक आम्लात टाकून, निघतं ते ग्राफीन ऑक्साइड. रिड्यूस केलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढला, तरी दोष उरतातच. वर परमँगनेट आणि सल्फ्युरिक आम्ल ५५ अंशांपुढे गेलं तर स्फोटाची भीती. परमँगनेट चिमूटचिमूट, बीकर बर्फात, आणि तेवढा वेळ फोन बाहेर ठेवायचा.