ग्रीक-रोमन इतिहासाची विद्यापीठातली व्याख्यानं घरबसल्या शेवटपर्यंत कशी ऐकावीत

येल विद्यापीठाची प्राचीन ग्रीसवरची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. चोविसाव्या व्याख्यानापर्यंत पोचलेला माणूस क्वचित भेटतो. मी ती मालिका तीनदा सुरू करून तीनदा सोडली, चौथ्यांदा पुरी केली, आणि मग तशाच आणखी काही मालिका संपवल्या. त्यामुळे ‘दीडपट वेगाने ऐका’, ‘आधी सगळा होमर वाचून घ्या’, ‘झोपताना लावून ठेवा’ असे सल्ले कानावर आले की डोकं फिरतं. असे सल्ले देणाऱ्याला मी एकच विचारतो, तुम्ही स्वतः कितवं ऐकलंत?

मालिका एकच निवडा

ग्रीससाठी डोनाल्ड कगन. २००७ साली त्यांच्या वर्गातच चित्रित झालेली २४ व्याख्यानं आहेत, प्रत्येक साधारण सव्वा तासाचं. रोमसाठी डायना क्लाइनर यांची २००९ ची रोमन वास्तुकलेवरची मालिका. ती मात्र डोळ्यांनी बघायची, नुसती ऐकून काही हाती लागत नाही. रोमचा शेवट कसा झाला याची उत्सुकता असेल तर पॉल फ्रीडमन यांची २०११ ची मालिका, जी इ.स. २८४ पासून, म्हणजे रोमन सम्राट डायोक्लेशियनपासून सुरू होते. तिन्ही ‘ओपन येल कोर्सेस’वर फुकट आहेत आणि प्रत्येक व्याख्यानाचा लिखित मजकूर सोबत आहे. तो मजकूर फार महत्त्वाचा, पुढे लागणार आहे.

लंडनच्या ग्रेशम कॉलेजात १५९७ पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं चालतात. त्यातली प्राचीन जगावरची काही सुरेख आहेत, पण सुरुवात तिथून करू नका. आपल्याला व्याख्यान म्हटलं की वसंत व्याख्यानमाला आठवते: रोज नवा वक्ता, नवा विषय, एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही. विद्यापीठाच्या मालिकेत सातवं व्याख्यान सहाव्याच्या खांद्यावर उभं असतं.

वेळ ठरवा

आठवड्याला दोन, बारा आठवडे. टेबलाशी बसून, हातात पेन घेऊन. लोकलमध्ये नाही.

वाचन आधी, व्याख्यान नंतर

समोर बसलेली मुलं नेमलेलं वाचून आलेली असतात आणि प्राध्यापक ते गृहीत धरून बोलतो. तुम्ही न वाचता बसलात तर अर्धं भांडण ऐकू येईल, कशावरून पेटलं ते कळणार नाही. सगळं वाचायची गरज नाही. पेलोपोनेशियन युद्धाच्या व्याख्यानांआधी त्याच काळातला ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस याच्या पहिल्या पुस्तकातलं २३ वं प्रकरण तेवढं वाचा, पानभर आहे. तिथे तो म्हणतो की अथेन्सची वाढती ताकद आणि त्यामुळे स्पार्टाला वाटलेली भीती हे युद्धाचं खरं कारण होतं. त्याच्या लेखी ते युद्ध टळण्यासारखं नव्हतं. कगन यांनी या युद्धाचा चार खंडांत इतिहास लिहिला आणि नेमकं हेच नाकारलं. त्यांच्या मते युद्ध टाळता आलं असतं. हे पानभर डोक्यात असलं की तुम्ही दोन इतिहासकारांचा वाद ऐकत असता. नसलं की एक म्हातारे गृहस्थ बोलत असतात आणि तुम्ही घड्याळाकडे बघता.

आता खरी अडचण: नावं

माझी तिन्ही वेळा गाडी इथेच अडली. कुणी हे सांगत नाही, कारण इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना नावं ऐकू येत नाहीत हे कबूल करायची लाज वाटते.

चौथ्या खेपेलाही हा घोळ सुटला नाही. कगन ज्या माणसाला ‘अल्सिबायडीज’ म्हणतात त्याच्यासाठी मी वहीत एक पान उघडलं होतं. दुसऱ्या एका पुस्तकात ‘अल्किबिआदेस’ भेटला, त्याला वेगळं पान दिलं. पहिला इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीच्या मोहिमेवर सेनापती म्हणून निघाला आणि माझ्या वहीतून नाहीसाच झाला. दुसरा कुठूनसा स्पार्टात उगवला आणि अथेन्सच्याच विरोधात सल्ले देऊ लागला. दोन आठवडे मी या दोघांना वेगळं धरून चाललो होतो. माणूस एकच. मोहीम अर्ध्यावर असताना त्याला खटल्यासाठी परत बोलावलं आणि तो वाटेतून पळून शत्रूकडे गेला. ही अख्खी गंमतच माझ्या हातून निसटली होती, केवळ स्पेलिंगमधल्या एका ‘सी’मुळे.

घोळ असा आहे की ग्रीक नाव आधी लॅटिनच्या सोंगात शिरतं, मग इंग्रजी जिभेवर चढतं आणि मग आपल्या कानावर येतं. उपाय उलट्या दिशेने जाण्याचा. व्याख्यानाचा लिखित मजकूर उघडा, नावाचं स्पेलिंग बघा आणि ते देवनागरीत मूळ ग्रीकच्या जवळ आणून लिहा. ‘सी’ दिसला की क. ‘सीएच’ म्हणजे ख, ‘पीएच’ म्हणजे फ, ‘टीएच’ म्हणजे थ. ‘एई’ म्हणजे आइ. पुरुषाच्या नावाच्या शेवटी ‘यूएस’ असेल तर बहुतेक वेळा ओस. म्हणजे इंग्रजीतला ‘ईस्किलस’ वहीत ‘आइस्खुलोस’ होतो. व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या अक्षरांवर मात्र विसंबू नका, ती नावांची पार वाट लावतात.

इथे मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. अथेन्सचा पुढारी पेरिक्लेस याच्या काळातला ग्रीक थ हा इंग्रजी ‘थिंक’मधला नव्हता, तो आपल्या थाळीतला थ होता. फ हा ‘फॅन’मधला नव्हे, आजी ‘फळ’ म्हणताना दोन्ही ओठ मिटून काढते तो. ख खांबातला. हे तिन्ही महाप्राण आपल्याला बाराखडीतच मिळालेले आहेत. इंग्रज प्राध्यापकाला ते मुद्दाम घोकावे लागतात. थ्युसिडिडीसचं नाव मी वहीत ‘थूकुदीदेस’ लिहिलं तेव्हा मुलगी खिदळली, ‘‘बाबा, थूक?’’ तेव्हापासून ते नाव घरात कुणी विसरलेलं नाही. (त्यातल्या ‘कु’चा ‘उ’ खरा म्हणजे ओठ उ-चे आणि जीभ ई-ची असा काढायचा. वहीसाठी ‘उ’ पुरे.) ग्रीक भाषा शिकायची गरज नाही. लिपी मात्र शिका, २४ अक्षरं आहेत, दोन संध्याकाळींचं काम.

नाव नुसतं लिहून भागत नाही, ते कुणाशी तरी बांधून ठेवावं लागतं. मी आधी प्रत्येकापुढे ‘राजकारणी’, ‘सेनापती’ असं लिहायचो. अथेन्समध्ये जो तो राजकारणी आणि सेनापती, त्यामुळे त्या वहीचा काडीचा उपयोग झाला नाही. मग लक्षात आलं की अथेन्सच्या नागरिकाचं पूर्ण नाव आपल्यासारखंच असतं: स्वतःचं, वडिलांचं आणि गावाचं. पेरिक्लेस हा क्सान्थिप्पोसचा मुलगा, खोलार्गोस गावचा. माझ्या वहीत तो ‘पेरिक्लेस क्सान्थिप्पोस खोलार्गोसकर’ आहे. शहराबाहेर घालवायच्या माणसाचं नाव ते लोक खापरीवर खरडून मत देत. तशा खापऱ्यांवर थेमिस्तोक्लेसचं नावही असंच सापडतं: बाप नेओक्लेस, गाव फ्रेआर्रिओइ. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीतही तिथे होती. किमोनचा मुलगा मिल्तिआदेस, त्याचा मुलगा पुन्हा किमोन. एकदा ‘कर’ लावायला सुरुवात केली की ही माणसं एखाद्या वाड्यातली वाटू लागतात आणि मग सुटत नाहीत.

इराणी नावांची गोष्ट आणखी वेगळी. ग्रीकांनी ती आपल्या कानाने लिहिली आणि इंग्रजीने ग्रीकांची री ओढली. ‘झर्क्सीज’ मूळ जुन्या पर्शियनमध्ये क्षयार्षा आहे, ‘सायरस’ कुरुष. आणि ‘सिथियन’ म्हणून जे सारखे येतात, त्यांच्यासारख्या सगळ्या टोळ्यांना पर्शियन लोक शकच म्हणत. हे कळल्यावर पर्शियन युद्धांचं व्याख्यान मी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

परक्या नावांची अशी मोडतोड करण्यात गैर काही नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ग्रीक राजांची नावं आहेत: अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग, अलिकसुदर. यातला तुरमाय म्हणजे टॉलेमी. उलट बाजूने, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात आपलं कल्याण ‘कल्लिएना’ होतं आणि पैठण ‘पैथाना’. ज्याने त्याने आपल्या कानाला झेपेल तसं लिहिलं. तुम्हीही तेच करा, फक्त एका माणसाला एकच पान द्या.

रोमचा त्रास उलटा आहे. तिथे नावं कळतात, माणसं कळत नाहीत, कारण पुरुषांसाठी वापरातली पहिली नावं जेमतेम दीड डझन. मुलींना तर कुळाचंच नाव: सीझरची मुलगी जुलिया, बहिणी जुलिया, आत्याही जुलिया. तिथे शेवटचं नाव पकडा. ते बऱ्याचदा मुळात टोपणनाव असतं. क्रासुस म्हणजे जाडा, आणि किकेरो हे हरभऱ्यावरून आलेलं. (हो, इंग्रजीतला ‘सिसेरो’ त्या काळी स्वतःला किकेरोच म्हणायचा.)

वर्षं उलटी चालतात

हे दुसरं खाचखळग्याचं काम, पण नावांइतकं नाही. ‘इ.स.पू. पाचवं शतक’ म्हणजे ५०० ते ४०१. मी कितीतरी दिवस ते ५९९ ते ५०० धरून चाललो होतो आणि शंभरेक वर्षं आधीच्या सोलोनला, अथेन्सच्या कायदेकर्त्याला, मॅरेथॉनच्या लढाईशेजारी बसवला होता. शके आणि सन यांत ७८ ची बेरीज-वजाबाकी करणाऱ्यांना हे जमायला हरकत नाही. शून्य वर्ष नाही, हेही लक्षात ठेवा. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १.

‘५९४/३’ असं वर्ष दिसलं तर ती विद्वानांची शंका समजू नका. अथेन्सचं वर्ष उन्हाळ्याच्या मध्यावर बदलायचं, त्यामुळे त्यांचं एक वर्ष आपल्या दोन वर्षांत पाय ठेवून उभं असतं. भिंतीवर तीन खिळे ठोका: ४९० मॅरेथॉन, ४३१ पेलोपोनेशियन युद्धाची सुरुवात, ३३८ खाइरोनेइआ, जिथे मॅसिडोनच्या फिलिपने अथेन्स आणि थीब्जला हरवलं. बाकीचं यांच्या मागेपुढे टांगत जा.

नकाशा

हाताने काढा. एजियन समुद्र, डावीकडे ग्रीस, उजवीकडे आयोनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा किनारा. वाकडा आला तरी चालेल.

नोंदी

प्राध्यापक बोलतो ते उतरवू नका, लिखित मजकूर आहेच. दोनच गोष्टी लिहा. एक, त्याने मूळ ग्रंथातला कुठला उतारा घेतला. तो पान नंबराने नाही, पुस्तक आणि प्रकरणाच्या आकड्याने लिहायचा: ‘हेरोडोटस ३.३८’. हा आकडा कुठल्याही भाषांतरात, कुठल्याही आवृत्तीत तोच असतो. पान नंबर प्रत बदलली की वाया जातो. त्या ३.३८ मध्ये, जाता जाता, राजा दारियस ग्रीकांना विचारतो की किती पैसे दिले तर मेलेल्या वडिलांना खाल, आणि मग तिथल्या भारतीयांना विचारतो की किती दिले तर वडिलांना जाळाल. दोघेही हादरतात. पर्सियस डिजिटल लायब्ररीत असे आकडे टाकले की उतारा समोर येतो, फुकट.

दुसरी गोष्ट, तुम्हाला न पटलेलं वाक्य. कगन यांच्या पहिल्या काही व्याख्यानांत ग्रीक नगरराज्याचा उदय छोट्या शेतकऱ्याच्या, त्याच्या ढाल-भाल्याच्या पलटणीच्या खांद्यावर दाखवला आहे. हे चित्र ऐकायला इतकं नेटकं आहे की ते सर्वमान्य असेल असंच वाटतं. तसं नाही. हान्स व्हान वीस यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर कडक आक्षेप घेतलेले आहेत. वहीत समास सोडा आणि तिथे प्रश्नचिन्ह काढा.

मध्येच सुटलं तर

पहिल्यापासून सुरू करू नका. मी तीनदा तेच केलं आणि तीनदा ग्रीसच्या अंधारयुगाच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या व्याख्यानांच्या पलीकडे गेलो नाही. त्या युगाआधीच्या मायसीनीच्या राजवाड्यांची पडझड मला आजही तोंडपाठ आहे. शेवटचं अर्धवट राहिलेलं व्याख्यान काढा, नावांची वही शेजारी उघडी ठेवा आणि तिथूनच पुढे चला. सगळी व्याख्यानं संपली की ती वही जपून ठेवा. फ्रीडमन सुरू कराल तेव्हा डायोक्लेशियनसाठी नवं पान लागेल: दिओक्लेतिआनुस, प्रांत दाल्मातिया.